जमिनीवरचं आरक्षण उठवून देतो म्हणतात, खरंय का?

प्रश्न: नाशिकच्या मखमलाबादला आमची वडिलोपार्जित जमीन आहे, डीपीत (शहर विकास आराखड्यात) गार्डनचं रिझर्व्हेशन पडलंय. एजंट म्हणतो, पैसे द्या, महापालिकेच्या महासभेत ठराव करून उठवतो.

उत्तर: ताई, एक रुपया देऊ नका! नुसत्या ठरावाने काही उठत नाही, एमआरटीपी १९६६ (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा) च्या कलम ३७ खाली ठरावानंतर हरकती-सूचना मागवतात आणि शेवटची सही राज्य सरकारची असते, ती फाईल किती फिरते ते नाशिककरांना काय सांगायचं. आधी राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयात, नगररचना विभागातून झोन दाखला (जागेवर कोणता झोन, कोणतं आरक्षण आहे त्याचा दाखला) काढा. आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली तरी जागा घेतली नसेल तर महापालिकेला कलम १२७ ची नोटीस द्या, मग २४ महिन्यांत संपादनाची पावलं नाही उचलली तर आरक्षण आपोआप जातं. नोटिशीची पोच मात्र जपून ठेवा.