तिसऱ्यांदा कॅट? आधी मुलीचा मोबाइल परत द्या

प्रश्न : माझी मुलगी सांगलीतून बी.ई. मेकॅनिकल झाली. पुण्यात एका कंपनीच्या खरेदी विभागात १४ महिने नोकरी केली. नोकरी सांभाळून २०२४ला कॅट (आयआयएमसारख्या व्यवस्थापन संस्थांच्या एमबीएची प्रवेशपरीक्षा) दिली, ८८ पर्सेंटाइल आले. मी राजीनामा द्यायला लावून घरी आणलं आणि वर्षभर पूर्णवेळ अभ्यास करून घेतला, तरी यंदा ८६च. म्हणजे फक्त दहा-बारा पर्सेंटाइल कमी पडतात. पुतण्याला आयआयएम मिळालं, तो काही हिच्यापेक्षा हुशार नव्हता. तिसऱ्यांदा पुण्याचा चांगला क्लास लावून बसवावं की जीमॅट ही एमबीएचीच दुसरी प्रवेशपरीक्षा द्यायला लावावी? माझी मार्केट यार्डात हळदीची आडत आहे, खर्चाची अडचण नाही. ता. क. : हल्ली ती आमच्यात जेवायला बसत नाही, पण पहिल्यापासून अबोलच आहे.
– एक पालक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : पत्रासोबत तुम्ही दोन्ही वर्षांची स्कोअरकार्डं पाठवलीत, सगळ्या मॉक टेस्टचे आकडे पाठवलेत, भिंतीवर चिकटवलेल्या वेळापत्रकाचा फोटोसुद्धा पाठवलात. त्यात पहाटे साडेपाचला उठण्यापासून रात्री अकरापर्यंतचा हिशोब आहे आणि खाली तुमच्या अक्षरात ‘मोबाइल दुकानात जमा’ असं लिहिलंय. एवढ्या कागदांत मुलगी काय म्हणते ते कुठेच नाही. तिला एमबीए करायचंय का, राजीनामा देताना ती तयार होती का, यातलं काहीच तुम्ही सांगितलेलं नाही.

मला तिच्या ८६ची अजिबात काळजी वाटत नाही, ताजा कलमाची वाटते. वर्षभरापूर्वी पुण्यात स्वतःच्या पगारावर राहणारी, पुरवठादारांशी घासाघीस करणारी मुलगी आज घरातल्यांसोबत ताटावर बसत नाही आणि तुम्ही त्याला स्वभाव म्हणून मोकळे होता. अबोल मुली जेवतातही आणि घरच्यांत बसतातही. जेवताना रोज मॉकचे मार्क आणि पुतण्याचं नाव निघत असेल, तर मीही ताट घेऊन आतल्या खोलीत गेलो असतो. तिची झोप आणि भूक खरोखर बिघडली असेल, तर परीक्षेचा विषय बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही तिला देऊन ठेवा, तिथे मराठीत बोलता येतं. पण फोन करायला मोबाइल तिच्या हातात हवा.

आता ‘फक्त दहा-बारा पर्सेंटाइल’बद्दल. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, शंभरातले किती जण तुमच्या मागे आहेत तो आकडा, हे जवळजवळ प्रत्येक पालकाला समजावावं लागतं. तुम्हाला ते पटकन कळेल. तुमच्या राजापुरी हळदीची प्रत तीच असली तरी सौद्याला त्या दिवशी बाकीचा माल कसा आलाय, त्यावर तिचा नंबर लागतो. इथेही तसंच आहे. २०२४च्या कॅटला सुमारे २.९३ लाख मुलं बसली. त्यात ८८ पर्सेंटाइल म्हणजे साधारण ३५ हजार जण पुढे. ९८ला पोचायचं तर त्यातल्या २९ हजारांना मागे टाकायचं आणि तीही सगळी वर्षभर घासणारीच मुलं असतात. शिवाय मधल्या पट्ट्यात दोन प्रश्न जास्त बरोबर आले की पर्सेंटाइल भराभर चढतो, वर गेल्यावर तेवढ्याच चढाईला कितीतरी जास्त मार्क लागतात. त्यामुळे ‘थोडा जोर लावला की होईल’ हा हिशोब इथे चालत नाही. उलट बाजूही बघा. ८८चे ८६ झाले म्हणजे ती ढिली पडली असंही नाही. बरोबर उत्तराला ३ गुण आणि चुकलेल्या पर्यायाला वजा १, अशा परीक्षेत हा एखाद-दुसऱ्या प्रश्नाचा फरक आहे. तुम्ही पाठवलेल्या मॉकमध्येही ती ८४ ते ८९ यातच फिरतेय. म्हणजे परीक्षेच्या दिवशी काही बिघडलं नव्हतं.

कुठे अडलंय ते स्कोअरकार्डावर उघड दिसतं. इंग्रजीत ९३, गणितात ९०, आणि डेटा-लॉजिकच्या, म्हणजे तक्ते वाचून आणि तर्काने सोडवायच्या प्रश्नांच्या विभागात दोन्ही वर्षं साठीच्या घरात. आयआयएम विभागवार कटऑफही लावतात, त्यामुळे एकूण आकडा वाढूनही हा विभाग तिला बाहेर ठेवू शकतो. आणि तुमच्या वेळापत्रकात रोज चार तास गणित आहे, डेटा-लॉजिकला अर्धा तास! जे येतं तेच वर्षभर गिरवून घेतलंत. हे वेळापत्रक तिनं केलं असतं तर असं झालं नसतं, एवढं मी पैजेवर सांगतो.

नोकरी सोडायला लावलीत, ते मात्र खरं नुकसान. आयएसबी (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) या संस्थेच्या एक वर्षाच्या मुख्य अभ्यासक्रमाला किमान २४ महिन्यांचा अनुभव लागतो. तिचे १४ झाले होते. राहिली असती तर आज २६ असते. आयआयएम अहमदाबाद, बेंगळुरूसुद्धा निवडीत दहावी, बारावी, पदवीच्या गुणांसोबत अनुभवाला वजन देतात. मागचे गुण आता बदलणार नाहीत, तिच्या हातात वाढवण्यासारखा होता तो अनुभव. आणि मुलाखतीत ‘गेलं वर्षभर काय केलं?’ हे विचारतातच. तिथे वडिलांनी घरी बसवलं, असं तिनं सांगायचं का?

जीमॅटचं म्हणाल तर ती बारा महिन्यांत पाचदा देता येते आणि गुण पाच वर्षं चालतात. म्हणूनच घाई नको. नोकरीची दोन-तीन वर्षं झाल्यावर त्या गुणांना अर्थ येतो. यंदासाठी स्नॅप, एनमॅट, झॅट या एमबीएच्या इतर प्रवेशपरीक्षा होऊन गेल्या. राज्याची सीईटी अजून व्हायची आहे, आणि मुंबईतल्या जमनालाल बजाज, सिडनहॅम, पुणे विद्यापीठाचं पुंबा या संस्था ही सीईटीतून मिळणारी चांगली ठिकाणं. महाराष्ट्राच्या मुलांसाठी त्यात मोठा वाटा राखलेला असतो. गणित आणि इंग्रजी तयार आहे, चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे प्रयत्न करायला हरकत नाही. अर्थात, तिला करायचा असेल तर.

थोडक्यात, घरी बसून तिसरी कॅट नको. तिनं पुन्हा नोकरी धरावी. मेकॅनिकल आणि खरेदीतला अनुभव हे पुण्यात चालणारं भांडवल आहे, कुपवाड एमआयडीसीतही विचारून बघता येईल. वर्षाच्या खंडाबद्दल विचारलं तर खरं काय ते सांगावं. पुढे तिला स्वतःहून कॅट पुन्हा द्यावीशी वाटली तर नोकरी करत द्यावी, डेटा-लॉजिकचे सेट वेळ लावून सोडवावेत, आणि मॉक दोन-तीन महिने सलग ९५च्या वर राहिले नाहीत तर त्या वर्षी आयआयएमच्या आशेवर बाकीचे फॉर्म सोडू नयेत.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. एमबीए करायचंय का आणि कशासाठी, खरेदीच्या कामात काय आवडलं, काय नको झालं, एवढं लिहिलं तरी मला पुरे. तुम्ही ते आधी वाचायचं नाही. पुण्याच्या क्लासची फी भरली नसेल तर भरू नका. भरली असेल तर किती परत मिळते ते उद्याच विचारून घ्या.