झोझिबिनीचे केस बघ आधी

अगं, सौंदर्यस्पर्धेसाठी केसांना एक्स्टेन्शन लावू का, हे विचारण्याआधी २०१९ च्या मिस युनिव्हर्सची अटलांटातली अंतिम फेरी बघ. दक्षिण आफ्रिकेची झोझिबिनी टुन्झी बारीक कापलेल्या नैसर्गिक केसांनिशी उभी राहिली आणि जिंकली. विग लाव म्हणणारे तिलाही भेटले होतेच! शेवटी ती म्हणाली, माझ्यासारखी कातडी, माझ्यासारखे केस असलेल्या बाईला कधी सुंदर मानलं गेलं नाही. हे आज थांबावं, मुलांना माझ्या चेहऱ्यात आपले चेहरे दिसावेत. पाठ केलेलं असेलही, पण उसनं वाटत नाही. तू मात्र तिची वाक्यं उचलू नकोस. स्वतःच्या घरातलं काहीतरी शोध आणि घड्याळ लावून मोठ्यानं म्हणून बघ. चालायचा सराव काय, रविवारी करू.