मेमधला मध कडवट का लागतो?

प्रश्न : महाबळेश्वरकडच्या एकाच मधपाळाकडून दोनदा मध घेतला. मे महिन्यातला काळसर आणि शेवटी कडवट, नोव्हेंबरमधला अगदीच निराळा. यातला खरा कोणता? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दोन्ही खरे असू शकतात. माशी एका जातीच्या फुलावर लागली की बहर ओसरेपर्यंत सहसा तेच फूल धरून असते. त्यामुळे बहर बदलला की मधाचा रंग आणि वासही बदलतो. तिकडे जांभूळ मार्च-एप्रिलमध्ये फुलतं, मागोमाग हिरडा. हा मध पाऊस लागायच्या आत काढतात. जांभळाचा मध गडद असतो. जिभेवर ठेवला की आधी गोड लागतो आणि गिळल्यावर मागे तुरट-कडवट चव रेंगाळते. जांभळाची बी चावून पाहिली असेल तर ही चव लगेच ओळखू येईल. अनेकांना तो आवडत नाही, आम्हाला मात्र तोच सरस वाटतो.

पावसाळ्यात माशी फारशी बाहेर पडत नाही, फुलंही कमी असतात. सातेरीच्या (पेटीत पाळल्या जाणाऱ्या देशी माशीच्या) वसाहती जगवायला मधपाळ साखरेचा पाक देतात. तेव्हा जुलैअखेर कुणी ‘कालच काढलेला’ मध देऊ लागला तर घेऊ नका. पावसानंतरच्या फुलांचा मध ऑक्टोबर-नोव्हेंबरला येतो. कारवी हे झुडूप एका डोंगरावर साधारण आठव्या वर्षी फुलतं, पण प्रत्येक डोंगराचं वर्ष वेगळं. ‘कारवीचा मध’ म्हणून कुणी विकत असेल तर कुठल्या डोंगराचा आणि कुठल्या वर्षाचा, हे विचाराच.

बारा महिने एकच रंग, एकच चव असेल तर ठिकठिकाणचा मध मिसळून तो एकसारखा केलेला असतो. ही भेसळच असते असं नाही, पण त्यात हंगाम सापडत नाही.

प्रश्न : बाटलीच्या तळाशी साखर बसली आहे. पाक मिसळला असेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नुसत्या गोठण्यावरून तसं म्हणता येत नाही, मधातलं ग्लुकोज आपोआप गोठतं. सूर्यफूल आणि मोहरीचा मध तर काही आठवड्यांतच गोठतो. १४ अंशांच्या आसपास ही क्रिया सर्वांत वेगाने होते, म्हणून नाशिकच्या थंडीत हे हमखास व्हायचं. पातेल्यात फडकं घालून त्यावर बाटली ठेवा आणि तिच्या खांद्यापर्यंत ४० ते ४५ अंशांचं पाणी ओता. बोट बुडवून ठेवता येईल इतपतच गरम असू द्या. पाणी निवलं की बदला आणि अधूनमधून ढवळा. अर्ध्या किलोच्या बाटलीला तासभर तरी लागतो. थेट गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवलात तर फुलाचा वास आधी जाईल.

एक सांभाळा : ग्लुकोज गोठताना पाणी सोडतं, त्यामुळे वरचा थर पातळ होतो आणि आंबायची सुरुवात तिथूनच होते. म्हणून तळ गोठलेला दिसला की फार दिवस तसाच ठेवू नका.

प्रश्न : ऑगस्टमध्ये झाकण उघडताच फस्स झालं, आंबट वासही आला. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : मध आंबलाय. मधात पाणी २० टक्क्यांच्या वर गेलं की त्यातलं यीस्ट जागं होतं. एक तर पोळ्यातली घरं माशीने मेणाने बंद करण्याआधीच मध काढला असेल. निदान तीन चतुर्थांश घरं बंद व्हायला हवीत. नाही तर ओला चमचा किंवा कोकणातली पावसाळी हवा भोवली असेल, कारण मध हवेतली ओल ओढून घेतो. आंबलेला मध गरम करून पूर्वीसारखा होत नाही. पुढच्या वेळी मोठी बरणी घरी आणलीत की लगेच लहान, कोरड्या काचेच्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून ठेवा आणि एका वेळी एकच उघडा.

प्रश्न : पाण्यात थेंब टाकून मध ओळखता येतो का? आणि नऊ महिन्यांच्या बाळाला चाटवावा का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : साखरेचा घट्ट पाकही तळाशी तसाच जातो, त्यामुळे थेंबावरून काही कळत नाही. बाळाला वर्ष पूर्ण होईपर्यंत मध अजिबात नको, बोटभरसुद्धा नाही. त्यात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते तान्ह्या आतड्यात वाढू शकतात, आणि मध अस्सल असला तरी हा धोका टळत नाही.