मदत करून बरं वाटलं, म्हणजे तो स्वार्थ झाला का?

निःस्वार्थ वागणं खरोखर शक्य आहे का, या विषयावर वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

मदत करणाऱ्याला काही ना काही मिळतंच. पुण्य, नाव, नाहीतर निदान शांत झोप. मग निःस्वार्थ असं उरतं तरी काय? (एक निवृत्त शिक्षक, सांगली)

समाधान मिळणं वेगळं आणि समाधानासाठी करणं वेगळं. रोज सायकलवरून कामाला जाणाऱ्याचे पाय मजबूत होतात, पण तो घरातून निघतो तो कामासाठी. शिवाय दुसऱ्याचं भलं झालं म्हणून आनंद व्हायचा तर ते भलं आधी मनापासून हवंसं वाटावं लागतं. ज्याला समोरच्याची पर्वाच नाही, त्याला तो आनंद होत नाही. म्हणजे आनंद झाला ही गोष्ट उलट परकाळजी असल्याची खूण ठरते.

पण हेतू बाहेरून दिसत नाही, मग तपासायचा कसा? अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅटसन यांनी सहकाऱ्यांसह १९८१मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्यासाठी साधी युक्ती वापरली होती. मदत मागताना पळवाटही उघडी ठेवायची. दुसऱ्याचे हाल बघवत नाहीत तेव्हा आपला त्रास थांबवायचे दोन मार्ग असतात, मदत करणं किंवा तिथून निघून जाणं. हेतू फक्त स्वतःचा त्रास थांबवण्याचा असेल, तर दार उघडं दिसताच माणूस निघून जाईल.

४४ विद्यार्थिनींना पडद्यावर इलेन नावाची तरुणी दाखवली. तिला दहा फेऱ्यांत विजेचे झटके बसणार, असं सांगितलं होतं. निम्म्या जणींना दोनच फेऱ्या बघून जाता येणार होतं, उरलेल्यांना दहाही बघायच्या होत्या. आपल्यासारख्या माणसाबद्दल कळवळा जास्त वाटतो, म्हणून इलेनच्या आवडीनिवडी आणि मतं आपल्यासारखीच आहेत, असं निम्म्या जणींना भासवलं होतं. बाकीच्यांना ती अगदी वेगळी वाटेल अशी व्यवस्था होती. दुसऱ्या फेरीनंतर इलेनचे हाल दिसू लागले, तेव्हा प्रत्येकीला विचारलं, ‘उरलेले झटके तिच्याऐवजी तुम्ही घ्याल का?’

असे अकरा-अकरा जणींचे चार गट झाले. इलेन वेगळी वाटलेल्या आणि जाण्याची मुभा असलेल्या गटात फक्त २ जणी तयार झाल्या. ती वेगळीच वाटत होती, पण शेवटपर्यंत बघणं भाग होतं, त्या गटात ७. ती आपल्यासारखी वाटली आणि बघणंही भाग होतं, त्यात ९. आणि ती आपल्यासारखी वाटली, पण निघून जायची पूर्ण मुभा होती, त्या गटात १०. दार उघडं असूनही त्या गेल्या नाहीत. (झटके कुणालाच बसले नव्हते, इलेनचं चित्रीकरण अभिनयाचं होतं आणि ते शेवटी सगळ्यांना सांगितलं गेलं.)

यावर आक्षेप आले. अपराधी वाटू नये म्हणून त्या तयार झाल्या असतील, असं काहींनी म्हटलं. बॅटसन यांनी पुढच्या प्रयोगांत अपराधभावाचं आणि कौतुकाचं कारण वेगळं काढून तपासलं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांचा १९९७चा आक्षेप जास्त खोल जातो. समोरची व्यक्ती आपलाच भाग वाटू लागली, तर तिला केलेली मदत ‘दुसऱ्याला’ केली असं म्हणता येईल का? हा वाद मिटलेला नाही. आमचं मत असं की ‘सगळं वागणं स्वार्थीच असतं’ हे विधान कुठलाही निकाल आला तरी पचवतं, आणि म्हणूनच ते काही सांगत नाही. कळवळा वाटला की माणूस दुसऱ्याच्याच भल्यासाठी मदत करतो, हे बॅटसन यांचं म्हणणं मात्र चुकीचं ठरू शकलं असतं. ते ठरलं नाही, याला आम्ही वजन देतो.

आमच्या मंडळाच्या रक्तदान शिबिरात भेटवस्तू ठेवल्या की गर्दी होते. रक्त तर मिळतंच, मग दात्याचा हेतू कशाला तपासायचा? (एक कार्यकर्ता, नाशिक)

रक्ताच्या बाबतीत हेतू पिशवीपर्यंत पोहोचतो, म्हणून. दिलेल्या रक्ताची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच आजारांसाठी तपासणी होते. पण संसर्ग नुकताच झाला असेल, तर काही काळ चाचणीत तो दिसत नाही. त्या काळात रुग्णाचं संरक्षण करते ती दात्याने प्रश्नावलीत दिलेली खरी उत्तरं. वस्तूसाठी आलेल्या माणसाला नुकतीच झालेली कावीळ किंवा चालू असलेली औषधं लपवायला कारण मिळतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८पासून आपल्याकडे पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं, त्यामागे हीच काळजी होती.

भेटवस्तूने दाते वाढतात की घटतात, याचं एकच उत्तर नाही. स्वीडनमधल्या गोटेनबर्गच्या अभ्यासात (२००८) दाता होण्यासाठी तपासणी करून घ्यायला ५२ टक्के स्त्रिया तयार होत्या. त्याबद्दल ५० क्रोनर देऊ केल्यावर हे प्रमाण ३० टक्क्यांवर आलं. तेच पैसे परस्पर दान करायची मुभा दिली, तेव्हा ते पुन्हा ५३ झालं. पुरुषांत असा ठळक फरक दिसला नाही. अमेरिकेत मात्र भेटकार्डांमुळे प्रत्यक्ष दाते वाढल्याचं आढळलं, पण त्यातले काही शेजारच्या शिबिरांकडून वळलेले होते.

चहा-बिस्किटं, प्रमाणपत्र, बिल्ला हे ठीक. मिक्सर, हेल्मेट, लकी ड्रॉ नको, आणि फलकावर वस्तूचा फोटो तर मुळीच नको. प्रश्नावली रांगेत, शेजाऱ्याच्या कानावर पडेल अशी भरून घेऊ नका, आडोसा करा. ‘माझं रक्त वापरू नका’ असं दात्याला नंतर गुपचूप कळवता येईल का, हे रक्तपेढीला आधीच विचारून ठेवा. वजन ४५ किलोच्या खाली किंवा हिमोग्लोबिन १२.५च्या खाली असेल, तर दाता कितीही आग्रह करो, त्याला परत पाठवा आणि चारचौघांत ओशाळवाणं होऊ देऊ नका.

आणखी एक गोष्ट तारखेची. नेत्याच्या वाढदिवशी एका दिवसात हजार पिशव्या जमवल्या, तर प्लेटलेट्स पाच दिवसच टिकतात आणि लाल पेशी ३५ ते ४२ दिवस. त्या हजार दात्यांतल्या पुरुषांना पुढचे ९० दिवस आणि स्त्रियांना १२० दिवस पुन्हा रक्त देता येत नाही. कॉलेजं बंद असतात त्या मे महिन्यात रक्तपेढ्या रिकाम्या पडतात. रक्तपेढीला विचारून तारीख ठरवणारं मंडळ रुग्णाचा विचार करतं आहे, असं आम्ही समजतो.

जनुकंच स्वार्थी असतील, तर माणूस निःस्वार्थ कसा असेल? (विद्यार्थिनी, अमरावती)

जनुकांना हेतू नसतो. ‘स्वार्थी’ हा तिथे अलंकार आहे. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४मध्ये मांडलेला नियम सांगतो की नात्याचं प्रमाण गुणिले घेणाऱ्याचा फायदा हा देणाऱ्याच्या तोट्याहून जास्त असेल, तर तशी वृत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. सख्ख्या भावंडांत हे प्रमाण १/२, चुलत-मावस भावंडांत १/८. वृत्ती का टिकली याचं हे उत्तर झालं. रात्रभर तापलेल्या बाळाच्या उशाशी बसलेली आई हा हिशेब करत नसते.

सहा वर्षं सासूबाईंचं सगळं अंथरुणात करते आहे. लोक ‘निःस्वार्थ सेवा’ म्हणतात. मनात मात्र चिडचिड असते. मी ढोंगी आहे का? (एक गृहिणी, चिपळूण)

नाही, ताई. गीतेच्या सतराव्या अध्यायात (श्लोक २० ते २२) दानाचे तीन प्रकार आहेत. परतफेड करू न शकणाऱ्याला, द्यायला हवं म्हणून दिलेलं ते सात्त्विक. फळाच्या आशेने किंवा ‘परिक्लिष्ट’, म्हणजे कष्टी मनाने दिलेलं ते राजस. म्हणजे गीतेला देणाऱ्याचा आनंद खटकत नाही, त्याचं कुढणं खटकतं. पण तुमच्या कुढण्याचं कारण तुमच्या स्वभावात शोधू नका, घरातल्या कामाच्या वाटणीत शोधा. ज्याला ‘नाही’ म्हणायची सोय नाही, त्याच्या कामाला निःस्वार्थ म्हणून गौरवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आठवड्याचं काम कागदावर लिहा: कूस बदलणं, आंघोळ, डायपर, औषधं, रात्रीचं उठणं. त्यातलं काय नवरा, दीर, नणंद करतील किंवा कशासाठी पैसे देतील, ते त्यांच्यासमोर बसून नावानिशी ठरवा. निदान दोन रात्री सलग झोप आणि आठवड्यातला एक पूर्ण दिवस तुमचा, यावर तडजोड करू नका. दर दोन तासांनी कूस बदलायची असेल, तर एकटीला ते जमत नाही आणि शेवटी पाठीला जखमा सासूबाईंनाच होतात.

अनोळखी रुग्णाला एक मूत्रपिंड द्यायची इच्छा आहे. कायदा आड का येतो? (एक वाचक, डोंबिवली)

आपल्याकडे मूत्रपिंडांचा बाजार झाला होता, म्हणून १९९४चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आला. पती-पत्नी, आई-वडील, मुलं, भावंडं आणि २०११च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडं हे जवळचे नातेवाईक धरले जातात. त्यांच्याबाहेरच्या दात्याला प्राधिकार समितीची परवानगी लागते. तुमचं रुग्णाशी नातं काय, देण्याचं कारण काय, मध्यस्थ कोण, दोघांची मागच्या तीन वर्षांची मिळकत किती, हे समिती तपासते आणि तुमच्या घरच्यांनाही बोलावते. कारण आपुलकीचं असावं लागतं. त्यामुळे नावगाव माहीत नसलेल्या रुग्णासाठी ही वाट जवळपास बंदच आहे.

ब्रिटनमध्ये २००६पासून असं दान करता येतं. अनोळखी माणसाला मूत्रपिंड दिलेल्या १९ अमेरिकी दात्यांच्या मेंदूचा अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. भेदरलेला चेहरा दिसला की त्यांच्या मेंदूतला उजवा अमिग्डाला (भीतीसारख्या भावनांशी संबंधित भाग) इतरांपेक्षा जास्त प्रतिसाद देत होता आणि आकारानेही मोठा होता. दुसऱ्याची भीती त्यांना जास्त तीव्रतेने जाणवते, असं संशोधकांनी त्यावरून म्हटलं.

तुमच्यासाठी खुला मार्ग मरणोत्तर अवयवदानाचा आहे. तिथे घेणारा अनोळखीच असतो आणि आभार ऐकायला तुम्ही नसता. नोंदणी नोट्टोकडे, म्हणजे अवयव प्रत्यारोपणाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे करता येते. पण नुसतं कार्ड खिशात ठेवून भागत नाही. मेंदूमृत्यू झाल्यावर रुग्णालय संमती घरच्यांकडे मागतं, आणि त्या गोंधळात ऐनवेळी ‘नको’ म्हटलं जातं. म्हणून याच आठवड्यात, जेवायला सगळे एकत्र बसतील तेव्हा त्यांना स्पष्ट सांगा.