जपानी ताटातला भात घटला, मग शाकाहाऱ्यांनी काय खायचं?

तुम्ही विचारलंत: आम्ही दोघं शाकाहारी, टोकियोला यायचं ठरतंय, तिथे लोक भात-मासेच खातात, तर निदान भातावर भागेल का? भागेल, पण भात-माशांचं ते चित्र आता जुनं झालंय. 1962 मध्ये जपानी माणूस वर्षाला सुमारे 118 किलो तांदूळ खायचा, आता जेमतेम 50 किलोच्या आसपास. दुसऱ्या महायुद्धानंतर शाळांच्या जेवणात पाव आणि दूध पावडर आली, भात तिथे 1976 मध्ये परतला. तोवर एक पिढी सकाळी पाव खायला सरावली होती. 2011 च्या सुमारास मांसानं मासळीलाही मागे टाकलं.

तुमची खरी अडचण इथेच आहे. मासा निदान ताटात दिसतो, चरबी दिसत नाही. तयार करीच्या वड्यांत बहुधा गाईची किंवा डुकराची चरबी असते. पावावर नुसतं 'शॉर्टनिंग' (बेकरीत वापरतात ती घट्ट चरबी) लिहिलेलं असलं तर ते कशाचं, हे कळत नाही. पाकिटावरच्या अ‍ॅलर्जीच्या चौकटीवर तर मुळीच विसंबू नका. अंडं, दूध, गहू, कोळंबी तिथे सक्तीनं लिहावी लागतात, डुक्कर आणि गाय नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यानं घटकांची पूर्ण यादीच वाचा.

मिसो (सोयाबीन आंबवून केलेला घट्ट लगदा) घातलेलं सूप बाहेर घेऊ नका, त्यात बहुतेक ठिकाणी कात्सुओ माशाचा अर्क असतो. घरी सोपं आहे: 1 लिटर पाण्यात 10 ग्रॅम कोम्बू (वाळवलेलं समुद्री शेवाळ) अर्धा तास भिजवा, मंद आचेवर तापवा, उकळी फुटायच्या आत काढून टाका, नाहीतर पाणी चिकट होतं आणि उग्र वास येतो. भाज्या शिजल्या की गॅस बंद करून वाटीमागे एक मोठा चमचा मिसो विरघळवा. मिसो घेताना 'दाशी-इरी' लिहिलेले डबे टाळा, त्यात अर्क आधीच घातलेला असतो.

तांदूळ 2025 मध्ये 5 किलोला 4,000 येनच्या वर गेला होता, तेव्हा बजेट सढळ ठेवा. तो इंद्रायणीसारखा चिकट असतो. कोलमसारखं दुप्पट पाणी घातलंत तर गिचका होईल. अर्धा तास भिजवून सव्वापटीच्या आतच पाणी ठेवा. वरण-भाताला तो उत्तम. मसालेभातासाठी बासमती आणि तूरडाळ टोकियोतल्या निशी-कासाई भागातल्या भारतीय दुकानांत मिळते, म्हणून घर शक्यतो त्याच भागात बघा.

ताजा कढीपत्ता, फळं, बियाणं बॅगेत आणू नका, रोपसंरक्षण प्रमाणपत्राशिवाय विमानतळावर काढून घेतात. मिक्सरही जपानमध्येच घ्या. वीज 100 व्होल्टची आहे, आपला 230 चा मिक्सर त्यावर नीट फिरत नाही आणि चटणी जाडीभरडीच राहते.