दोन शहरांचा करार आणि एक खतटोपली

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेपुढे परदेशातील एका शहराशी पर्यावरणविषयक सामंजस्य करार करण्याचा प्रस्ताव आला आहे. अशा करारांतून दौरे, सत्कार आणि छायाचित्रे यांखेरीज शहराच्या हाती काही लागल्याचे एखादे उदाहरण आपण सांगू शकाल का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपली शंका रास्त आहे. भगिनी शहरांची नाती आपल्याकडे नवी नाहीत. मुंबई आणि योकोहामा यांचे नाते १९६५ पासूनचे आहे, तर पुणे आणि सॅन होजे यांचे १९९२ पासूनचे. मात्र करारावर सह्या झाल्या म्हणून कचरा कमी होत नाही. तो खरोखर कमी झाल्याचे मला ठाऊक असलेले सर्वांत स्पष्ट उदाहरण जपानमधील किताक्युशू आणि इंडोनेशियातील सुराबाया या दोन शहरांचे आहे, म्हणून ते थोडे सविस्तर सांगतो.

किताक्युशू हे पाच शहरे एकत्र करून १९६३ मध्ये स्थापन झालेले औद्योगिक शहर. तेथील यावाता पोलाद कारखाना १९०१ पासून चालू होता, आणि त्याच्या आसपास वाढलेल्या उद्योगांच्या सांडपाण्यामुळे साठच्या दशकात दोकाई उपसागरातील जीवसृष्टी इतकी नष्ट झाली, की लोक त्याला मेलेला समुद्र म्हणू लागले. या प्रदूषणाविरुद्ध पहिला आवाज उठवला तो तोबाता भागातील महिला मंडळांनी. वाळत घातलेले कपडे काजळीने काळे पडत होते; या स्त्रियांनी केवळ तक्रार न करता अभ्यासकांच्या मदतीने त्या काजळीची पाहणी केली, १९६५ मध्ये स्वतः एक माहितीपट तयार केला आणि महापालिका व कारखाने या दोघांनाही जाब विचारला. पुढे उद्योगांवर बंधने आली, उपसागराच्या तळाचा विषारी गाळ काढण्यात आला आणि मासे परतले. आपला हा अनुभव इतरांना शिकवण्यासाठी शहरात १९८० मध्ये एक आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्था उभी राहिली. जे शहर स्वतः त्या दुखण्यातून गेले आहे, त्याचा सल्ला घेण्यात अर्थ असतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

सुराबाया हे पूर्व जावातील सुमारे तीस लाख वस्तीचे शहर. तेथील केपुतिह कचरा डेपो २००१ मध्ये रहिवाशांच्या विरोधामुळे बंद करावा लागला आणि रस्त्यारस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. आपल्याकडे डेपोविरुद्ध उभ्या राहिलेल्या गावांची आंदोलने ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या प्रसंगाचे वेगळे वर्णन करून सांगायला नको. निम्म्याहून अधिक कचरा स्वयंपाकघरातून येणारा, म्हणजे ओला होता. किताक्युशूने अशा वेळी भट्टी किंवा महागडी यंत्रे पाठवली नाहीत. कोजी ताकाकुरा हे अभियंता २००४ पासून तेथे जाऊ लागले आणि पुसदाकोता या स्थानिक संस्थेबरोबर बसून त्यांनी कंपोस्टची एक साधी पद्धत बसवली. खत कुजवणारे सूक्ष्मजीव जपानहून आणण्याऐवजी त्यांनी तेथील लोकांच्या रोजच्या आहारातील टेंपे आणि तापे यांसारख्या आंबवलेल्या पदार्थांपासून विरजण तयार केले व ते तांदळाचा कोंडा आणि भाताचे तूस यांत मुरवले. त्यामुळे साध्या ढिगात ज्या कामाला तीन महिने लागतात, ते एक-दोन आठवड्यांत होऊ लागले.

घरोघरी वापरण्यासाठी जाळीदार टोपली निवडली गेली. महापालिकेने अशा हजारो टोपल्या वाटल्या. पण त्या अडगळीत पडल्या नाहीत, याचे श्रेय माझ्या मते महिलांच्या कुटुंबकल्याण गटांना आणि वस्तीवस्तीत नेमलेल्या पर्यावरण कार्यकर्त्यांना द्यायला हवे. टोपली दिल्यानंतर या बायका पुन्हा पुन्हा त्या घरी जात, वास आला तर काय चुकले ते दाखवत. वस्त्यांच्या स्वच्छतेच्या स्पर्धाही भरवल्या गेल्या. स्वच्छता व उद्यान विभागाच्या प्रमुख त्री रिस्महारिनी यांनी हे काम नेटाने पुढे नेले आणि २०१० मध्ये त्या शहराच्या महापौर झाल्या. काही वर्षांतच डेपोवर जाणारा कचरा २० टक्क्यांहून अधिक घटला.

यातील सर्वांत बोलकी गोष्ट पुढे आहे. दोन्ही शहरांनी हरित भगिनी शहरे म्हणून करार केला तो २०१२ मध्ये, म्हणजे प्रत्यक्ष कामाला सुरुवात होऊन अनेक वर्षे उलटल्यानंतर. आपल्या नगरपरिषदेने क्रम उलटा ठेवला असेल, तर सभेत तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात: दौऱ्यावर पदाधिकारी जाणार आहेत की आरोग्य विभागाचे निरीक्षक आणि मुकादम, तिकडून येणारा तज्ज्ञ एकदाच येणार की वर्षानुवर्षे येत राहणार, आणि तो सुचवील ती पद्धत इथल्या बाजारात मिळणाऱ्या सामग्रीवर चालेल का. ठरावात याची उत्तरे लिहून घेतली जात नसतील, तर मी स्वतः त्या प्रस्तावाला पाठिंबा देणार नाही.

प्रश्न : टोपलीतील ही खतपद्धत आपल्या घरी करता येते का? आमच्या बादलीतील कंपोस्टला फार दुर्गंधी येते.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : करता येते, आणि कोकणात कोंडा व तूस गिरणीवर सहज मिळतात. गूळपाण्यात थोडे दही आणि इडलीचे आंबलेले पीठ कालवून तीन-चार दिवस झाकून ठेवावे. नंतर ते कोंडा आणि तूस यांच्या मिश्रणात इतकेच मिसळावे, की मुठीत दाबल्यावर गोळा होईल पण पाणी गळणार नाही. हे मिश्रण कापडाखाली ठेवले, की काही दिवसांत ते कोमट होते व त्यावर पांढरी बुरशी धरते, हेच विरजण. भोके असलेल्या टोपलीला आतून पुठ्ठा लावून ते भरावे, त्यात रोजचा ओला कचरा बारीक चिरून घालावा आणि खालवर करावा. आपल्या बादलीला दुर्गंधी येते ती बहुधा हवा न मिळाल्यामुळे आणि पाणी साचल्यामुळे. पावसाळ्यात टोपली पडवीत ठेवावी, आणि मिश्रण चिकट वाटले तर कचरा दोन दिवस थांबवून कोरडे तूस वाढवावे.