बार, तांबे आणि सुकी गोदी : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

इंग्लंड, फ्रान्स, हॉलंड आणि स्पेन यांच्या शिडांच्या आरमारांमध्ये सतराव्या शतकाच्या मध्यापासून १८१५ पर्यंत चढाओढ चालली. या वेळी आलेली बरीच पत्रे तिच्याबद्दलच होती. त्यांतले सहा प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : दोन्ही आरमारे एकामागोमाग रांग धरूनच का लढत? सगळ्यांनी एकदम तुटून पडणे जास्त परिणामकारक नव्हते का? (सांगली)

जहाजाच्या जवळजवळ सगळ्या तोफा दोन्ही बगलांना असत. नाळेवरून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरून, मारा करणाऱ्या तोफा दोन-चारच. शत्रूच्या दिशेने सरळ चाल करणारे जहाज त्यामुळे मार खात पुढे जाई, पण उलट मारा करू शकत नसे. रांग धरली की प्रत्येकाची बगल मोकळी राहते, आणि नाळ व पिछाडी ही दोन नाजूक टोके पुढच्यामागच्या जहाजांनी झाकली जातात. पिछाडीला तर खिडक्याच असत. तिथून घुसलेला गोळा अडवायला काही नसे, तो तोफांच्या मजल्यावरून थेट नाळेकडे धावे. ट्रफल्गारला, २१ ऑक्टोबर १८०५ रोजी, इंग्रज सेनापती नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ने फ्रेंच ‘ब्यूसेंतॉर’च्या पिछाडीत असाच मारा करून ते जहाज काही मिनिटांत निकामी केले.

डचांशी पहिले युद्ध चालू असताना १६५३ मध्ये इंग्रजांनी रांगेचा लेखी हुकूम काढला. पुढे हाच हुकूम त्यांच्या गळ्यात अडकला. ५ सप्टेंबर १७८१ रोजी अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराच्या तोंडाशी इंग्रज सेनापती ग्रेव्हजची १९ जहाजे द ग्रासच्या २४ फ्रेंच जहाजांसमोर आली. ग्रेव्हजने ‘जवळ जाऊन भिडा’ हे निशाण चढवले, पण ‘रांग राखा’ हेही फडकतच राहिले. मागच्या तुकडीने रांग राखली आणि ती नीट भिडलीच नाही. समुद्र फ्रेंचांच्या हाती राहिला, त्यामुळे यॉर्कटाउनला वेढ्यात सापडलेल्या इंग्रज सैन्याला मदत पोचेना. त्याने १९ ऑक्टोबरला शस्त्रे खाली ठेवली.

प्रश्न : जहाजावरची मोठी तोफ कशी भरत? इंग्रज फ्रेंचांपेक्षा वेगाने मारा करत असे वाचले, ते कशामुळे? (नाशिक)

इंग्रजांच्या ७४ तोफी जहाजाच्या खालच्या मजल्यावर ३२ पौंडी तोफा असत, म्हणजे गोळाच साडेचौदा किलोचा. गाड्यासकट एका तोफेचे वजन तीन टनांच्या घरात जाई. तिच्यावर १४ माणसे आणि दारूची थैली आणून देणारा एक पोऱ्या.

बार उडाला की तोफ धक्क्याने मागे येते आणि जाड दोरावर अडकून थांबते. ती आत आलेलीच असते, म्हणून तिथेच भरायची. आधी तोफेचा कान, म्हणजे रंजकाचे (पेट घेणाऱ्या बारीक दारूचे) भोक, अंगठ्याने घट्ट दाबून धरायचे. मग ओला बोळा नळीच्या तळापर्यंत फिरवायचा. त्यानंतर दहा-अकरा पौंड दारूची थैली, तिच्यावर जुन्या दोराचा बोळा, मग गोळा, आणि जहाज हलताना गोळा घरंगळू नये म्हणून पुन्हा बोळा. हे सारे गजाने ठासायचे. मग दोन्ही बाजूंचे दोर ओढून तोफ जहाजाच्या बगलेतल्या भोकातून बाहेर काढायची, कानातून तार खुपसून थैली फोडायची, रंजक भरायचे, पहारीने तोफ डावी-उजवी सरकवायची आणि खालची पाचर पुढेमागे करून तोंड वरखाली करायचे. मुरलेल्या टोळीला या सगळ्याला दीड ते दोन मिनिटे पुरत.

चुका ठरलेल्या असत आणि बहुतेक जीवघेण्या. बोळा कोरडा राहिला तर थैलीचा जळका तुकडा आत धुमसत राहतो आणि पुढची थैली ठासणाऱ्याच्या हातातच पेटते. कान नीट दाबला नाही तर वारा खेळून तोच निखारा फुलतो. गोळा तळापर्यंत गेला नाही आणि दारू व गोळा यांत पोकळी राहिली तर तोफच फुटू शकते. लढाई लांबली की तोफ तापते, तिचा धक्का वाढतो आणि ती मागे येताना उसळू लागते. अशा वेळी अनुभवी गोलंदाज दारू कमी करतो. नवखा तेवढीच भरतो आणि दोर तुटून तीन टनांचा गाडा मजल्यावर मोकाट सुटतो.

इंग्रजांचा वेग आला तो सरावातून. त्यांची जहाजे वर्षानुवर्षे फ्रेंच बंदरांबाहेर पहारा देत समुद्रावर असत आणि खलाशी तोफांवर रोज राबत. फ्रेंच जहाजे ब्रेस्ट आणि तूलाँच्या आत अडकलेली, त्यांना हालत्या जहाजावरचा सराव मिळणार कुठून? दुसरे कारण चकमकीच्या चापाचे. बत्ती लावल्यावर बार उडेपर्यंत जो क्षण जातो, तेवढ्यात जहाज कलून नेम चुकतो. दोरी ओढून उडवायचा चाप इंग्रजांनी १७८० नंतर सर्रास वापरात आणला आणि तो उशीर बराच घटला.

प्रश्न : मग फ्रेंच तोफा हलक्या होत्या का? (पुणे)

उलट, जड होत्या. हिशेब करून पाहा. इंग्रजांच्या नेहमीच्या ७४ तोफी जहाजावर ३२ पौंडी २८, १८ पौंडी २८ आणि ९ पौंडी १८ तोफा. एका बगलेचा एकूण मारा ७८१ पौंड, म्हणजे सुमारे ३५४ किलो. फ्रेंच जहाजावर ३६ पौंडी २८, १८ पौंडी ३० आणि ८ पौंडी १६. हे ८३८ पौंड होतात, पण फ्रेंच पौंड इंग्रजीपेक्षा सुमारे ८ टक्के जड, म्हणजे मारा ४१० किलोचा. ७४ तोफी जहाजाची उत्तम आखणीही फ्रेंचांचीच. त्यांचे ‘अँव्हँसिब्ल’ इंग्रजांनी १७४७ मध्ये पकडले, तेव्हा त्याची मापे घेऊन इंग्रज कारागीर शिकले.

फरक नेमाच्या जागेत होता. फ्रेंच सहसा वाऱ्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे वारा शत्रूकडून आपल्याकडे येईल असे, राहणे पसंत करत. वरच्या बाजूचा सेनापती कधी भिडायचे ते ठरवू शकतो. खालच्या बाजूचा गरज पडली तर निघून जाऊ शकतो. त्यासाठी पाठलाग करणाऱ्याची शिडे, दोर आणि डोलकाठ्या तोडायच्या, म्हणून फ्रेंच गोलंदाज उंच मारत. इंग्रज लाकडी अंगावर मारत आणि माणसे पाडत.

वरच्या बाजूला धोका होताच. वाऱ्याने जहाज कलते आणि शत्रूकडच्या बगलेची खालची भोके पाण्याजवळ येतात. कीबेराँ उपसागरात २० नोव्हेंबर १७५९ रोजी उधाणलेल्या समुद्रात फ्रेंच ‘तेझे’ने खालची भोके उघडून लढायचे धाडस केले. पाणी आत शिरले, जहाज उलटले. सहाशेंच्या वर माणसे गेली, जेमतेम वीसेक वाचली.

प्रश्न : जहाजाच्या तळाला तांबे ठोकत ते कशासाठी? आणि लोखंडी खिळे सडत असत हे खरे का? (रत्नागिरी)

कोकणच्या वाचकाला लाकूड पोखरणारा समुद्रातला किडा सांगायला नको. उष्ण पाण्यात तो ओकची फळी काही महिन्यांत चाळणीसारखी करतो. शिवाय शिंपले आणि शेवाळ चढून जहाज जड होते, वेग घटतो, सुकाणूला जहाज ऐकेनासे होते. तांब्याचा पत्रा पाण्यात किंचित विरघळत राहतो. ते विरघळलेले तांबे विषारी असल्याने त्यावर काही रुजत नाही, आणि किडा पत्र्याआड पोचतच नाही.

पहिला प्रयोग १७६१ मध्ये ‘अलार्म’ या फ्रिगेटवर, म्हणजे लहान वेगवान युद्धनौकेवर, झाला. ती वेस्ट इंडिजहून परतल्यावर तळ लख्ख निघाला, पण तांबे लोखंडी खिळ्यांना जिथे टेकले होते तिथे खिळे खाऊन गेले होते. जिथे मध्ये तपकिरी कागद राहून गेला होता तेवढे शाबूत. खाऱ्या पाण्यात दोन धातू भिडले की विजेची घटमाला तयार होते आणि लोखंड झिजते. तेव्हा हे कोणाला माहीत नव्हते, म्हणून निष्कर्ष निघाला की मध्ये जाड कागद घालावा.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्स, स्पेन आणि हॉलंड एकदम विरोधात आले, जहाजे कमी पडू लागली. इंग्रज आरमाराचा कारभारी चार्ल्स मिडलटनने १७७९ पासून साऱ्या आरमाराला तांबे ठोकायचे ठरवले आणि दोन-तीन वर्षांत बहुतेक मोठी जहाजे मढली. त्याने वेग मिळाला आणि गोदीत येण्याची वेळ लांबली, म्हणजे तेवढीच जहाजे जास्त दिवस समुद्रावर राहिली. कागद मात्र टिकला नाही. पाणी आत झिरपले आणि तळाचे जाड लोखंडी बोल्ट बाहेरून काही न दिसता आतून सडले. १७८३ च्या सुमारास तांबे सोडून द्यावे इथपर्यंत गोष्ट आली होती. लोखंडाइतके ताठ ठोकता येतील असे तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट निघाले, तेव्हा तो पेच सुटला. आमच्या मते त्या युद्धातला सगळ्यात मोठा शोध हाच.

प्रश्न : १७८२-८३ मध्ये फ्रेंच सेनापती सफ्रें आणि इंग्रज सेनापती ह्यूज कोरोमंडल आणि लंकेच्या किनाऱ्यावर पाचदा लढले, तरी निकाल लागला नाही. त्यात मुंबईचा काय संबंध? (मुंबई)

मोठा संबंध आहे. लढाया अशा : १७ फेब्रुवारी १७८२ सद्रास, १२ एप्रिल प्रॉव्हिडियन, ६ जुलै नागपट्टणम, ३ सप्टेंबर त्रिंकोमाली आणि २० जून १७८३ कडलूर. पाचही लढायांत एकाही बाजूने दुसऱ्याचे जहाज पकडले नाही. पण प्रत्येक लढाईनंतर दोघांचीही डोलकाठ्या, शिडे आणि फळ्या यांची दैना असे, आणि खरी शर्यत दुरुस्तीची होती.

ऑक्टोबरात ईशान्येचा मोसमी वारा सुरू झाला की कोरोमंडल किनाऱ्यावर आसरा नाही. मद्रासला जहाजे उघड्या समुद्रात नांगरून राहत. सुरक्षित नैसर्गिक बंदर एकच, त्रिंकोमाली, आणि ते सफ्रेंने ३१ ऑगस्ट १७८२ रोजी घेतले. ह्यूजला सारे आरमार घेऊन मुंबई गाठावी लागली. तो एप्रिल १७८३ मध्ये मद्रासला परतला. मधल्या काळात तो किनारा मोकळा पडला होता.

मुंबईच का, हे भरती-ओहोटीत आहे. सुक्या गोदीत जहाज भरतीला आत घ्यायचे, दार लावायचे आणि ओहोटीला पाणी सोडून द्यायचे. मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीत साडेचार मीटरच्या आसपास फरक पडतो, मद्रासला जेमतेम एक मीटर. तिथे पंपांशिवाय अशी गोदी चालणे शक्य नाही. फ्रेंचांना तूलाँला हीच अडचण होती, कारण भूमध्य समुद्राला भरती नगण्य. तिथे फ्रेंच अभियंता ग्रोन्यारला १७७४ ते १७७८ अशी चार वर्षे खपून ती गोदी बांधावी लागली. मुंबईत कंपनीची पहिली सुकी गोदी १७५० ची, आणखी दोन १७६५ पर्यंत तयार. सुरतेहून १७३६ मध्ये आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याच्या हाती तिथले काम होते.

सफ्रेंला अशी जागा नव्हती. मोडलेल्या डोलकाठ्यांच्या जागी तो लहान जहाजांच्या काठ्या काढून बसवी. पावसाळी महिने त्याने सुमात्रातल्या अचे बंदरात काढले. गोदी नसेल तर जहाज रिकामे करून, डोलकाठ्यांना दोर बांधून, एका बगलेवर कलवून तळ साफ करायचा. नुसते थोडे कलवण्यातही धोका असतो. इंग्लंडमध्ये स्पिटहेडला २९ ऑगस्ट १७८२ रोजी ‘रॉयल जॉर्ज’ दुरुस्तीसाठी तोफा सरकवून कलवले होते. भोकांतून पाणी शिरले, ८०० हून अधिक माणसे बुडाली.

तरीही कडलूरला सफ्रेंने १५ जहाजांनी ह्यूजच्या १८ जहाजांना मागे हटवले, हे त्याच्या धडाडीला मान देऊन सांगितले पाहिजे. ह्यूजकडे पाणी संपत आले होते आणि शेकडो खलाशी स्कर्व्हीने, म्हणजे ताज्या फळभाज्यांअभावी होणाऱ्या रोगाने, आडवे होते. इंग्रज आरमाराचा डॉक्टर जेम्स लिंडने १७४७ मध्येच १२ रुग्णांवर प्रयोग करून संत्री-लिंबांचा गुण दाखवला होता, पण इंग्रज आरमारात लिंबाचा रस सर्रास मिळू लागला तो १७९५ पासून.

पुण्याचाही धागा इथेच आहे. फ्रेंच वकील सें ल्युबँ १७७७ मध्ये पेशव्यांच्या दरबारी आला आणि फ्रेंचांना चौल बंदर मिळणार या बातमीने मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. पश्चिम किनाऱ्यावरचे बंदर म्हणजे ईशान्य वाऱ्यापासून आसरा आणि सागवान दोन्ही. १७८२ च्या सालबाईच्या तहात पोर्तुगीज सोडून इतर युरोपियनांना पेशव्यांनी थारा देऊ नये, ही अट इंग्रजांनी घालून घेतली.

प्रश्न : सागवानी जहाजे ओकच्या जहाजांपेक्षा खरेच चांगली होती का? (डोंबिवली)

टिकाऊपणात निःसंशय. ओकमधले आम्ल लोखंडी खिळे खाते, सागवानातले तेल उलट त्यांना जपते. नीट न वाळलेला ओक बुरशीने आतून कुजतो. १८१० मध्ये पाण्यात उतरवलेले १०० तोफी ‘क्वीन शार्लट’ समुद्रावर जाण्याआधीच कुजल्याने पुन्हा बांधावे लागले. त्याच वर्षी मुंबईत जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेले ७४ तोफी ‘मिंडेन’ पाण्यात उतरले. अडचण अंतराची होती, कारण आखणीचे कागदही इंग्लंडहून यावे लागत. ‘त्रिंकोमाली’ या फ्रिगेटचे नकाशे १८१२ मध्ये ‘जावा’ जहाजाबरोबर येत होते. ते जहाज अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’ने हरवले, म्हणून दुसऱ्या प्रती मागवाव्या लागल्या. ‘त्रिंकोमाली’ १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे.